आईच्या नाकातली चमकी
मेणबत्ती विझल्यावर जो वास सुटतो, त्याने मला यवतमाळच्या एका सराफाचं दुकान आठवतं. बाबा गेल्यापासून आईच्या नाकातली हिऱ्याची चमकी मला निस्तेज वाटायची, म्हणून तिला नव्याने पैलू पाडून घ्यायला मीच आईला तिथे नेलं होतं. छतातल्या पांढऱ्याफटक दिव्यांखाली काउंटरवरच्या नव्या अंगठ्या लखलखत होत्या आणि आमचा खडा काचेच्या तुकड्यासारखा पडून होता. "जुना कट आहे ताई, कंदिलाच्या काळातला. एवढ्या उजेडात तो मुका होते," सराफ म्हणाले. त्यांनी दिवे बंद करून मेणबत्ती लावली. आईने चमकी घातली, मान जराशी वळवली आणि तिच्या नाकावर लाल-निळी ठिणगी उडाली. "आई, किती चमकून राह्यली!" मी म्हणाले. "मले कुठं दिसते बाई," ती हसली, "तुझे बाबाच सांगत. कंदील जवळ घेत अन् म्हणत, इकडं पाह्य." खडा तसाच परत आणला. आता ती चमकी माझ्या नाकात आहे. संध्याकाळी वंदना झाली की ट्यूबलाइट न लावता मी बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्तीजवळ बसून राहते. आरशात ठिणगी दिसते, पण 'इकडं पाह्य' म्हणणारं घरात कोणी नाही.