जेवून गेला होता का?

रत्नागिरीत कातळाच्या सड्यावर आमची खानावळ आहे. विमानतळावर नोकरीला असलेली, एकटी राहणारी मुलं आमच्याकडे डबा लावतात. मला तोंडदेखलं गोड बोलता येत नाही. उशिरा येणाऱ्याला चार शब्द सुनावल्याशिवाय मी वाढत नाही. घाटावरून आलेला एक हेलिकॉप्टरवाला मात्र माझी बोलणी हसत ऐकून घ्यायचा. सुरुवातीला बांगड्याच्या वासाने नाक मुरडायचा, वर्षभरात काटे चोखायला लागला. रात्री उतरण्याचा सराव असला की तो आधी जेवत नसे. पोट जड नको, म्हणायचा. परतल्यावर निवांत बसून डबा संपवायचा.

अशाच एका सरावात हेलिकॉप्टर धावपट्टीच्या कडेला कोसळलं. बाकीचे वाचले, तो गेला. कळलं तेव्हा मी पोटच्या पोरासाठी रडावं तशी रडले.

सकाळी त्याचे आईवडील कोल्हापूरकडून आले. इस्पितळातले सोपस्कार होईपर्यंत आम्ही त्यांना आमच्याच घरी बसवलं. आईला साखरेचा त्रास. रात्रीपासून पोटात काही नाही, आणि पुढे त्याला घेऊन गावापर्यंत घाट चढायचा होता. अग्नी दिल्याशिवाय काही घेणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. वडील घाबरून गेले होते. पोरगा तर गेलाच, आता हिला काही झालं तर मी काय करू, असं अंगणात मला विचारत होते. मी मऊ पेज केली, मीठ घातलं आणि वाटी त्याच्या आईपुढे ठेवली.

वाटीकडे न बघता त्यांनी विचारलं, "जेवून गेला हुता का त्यो?"

त्याचा डबा मागच्या ओट्यावर तसाच भरलेला होता. एरवी फटकन बोलणारी मी, पण ते काही मला सांगवेना.

"होय हो ताई, पोटभर जेवला."

त्यांनी माझा हात धरला. "उपाशी गेलाय. निघताना फोनवर मला म्हणाला, आल्यावर जेवतो." मग दाराकडे बघत आवाज खाली आणला. "पर ह्यांनी इचारलं तर आत्ता बोललासा तसंच सांगा."

थोड्या वेळाने वडील आत आले. पेज तशीच निवत होती. ते माझ्याकडे वळले आणि त्यांनीही तेच विचारलं.

"पोटभर जेवून गेला म्हणत्यात," त्याच्या आई म्हणाल्या, आणि वाटी उचलून त्यांनी तोंडाला लावली.