चालू शूटिंगात बक्षीस

कप आधी खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून येईल. कारण मी जी माती खाल्ली, तशी अख्ख्या कळंबात कुणी खाल्ली नसेल!

मी बारामती एमआयडीसीत एका डेअरीत दुधाचं फॅट तपासतो. रोज कळंबवरनं मोटारसायकल. पगार वेळेवर, घरचा थोडा ऊस, सगळं बरं चाललंय. पण मी मुळात नट हो! वीस वर्षं गावच्या जत्रेत नाटकं करतोय. तोंडाला रंग लागला की मला फॅटबिट काही आठवत नाही. जीव नुसता तळमळायचा, मरायच्या आधी एकदा तरी कॅमेऱ्यासमोर बोलायला मिळू दे.

आणि मिळालं की! गावाबाहेरच्या मळ्यात सिरियलचं शूटिंग आलं आणि मला गड्याचं काम मिळालं. ओळ एकच. "मालक, चला, दोन घास खाऊन घ्या." आठवडाभर घोकली. डेअरीतल्या कॅनला म्हणून दाखवली! गावात तर असं घर ठेवलं नाही जिथं सांगितलं नाही.

मालकाचं काम करणारे मोठे नट. पंच्याहत्तरी पार. नाव घेत नाही, उगाच बोभाटा नको. मुंबईत म्हणे दोन बंगले. आदल्या दिवशी टपरीवर शेजारचे तात्या म्हणाले, "येवढा पैसा हाय, मग ह्यो म्हातारा उनात कशाला मरतोय रं?"

"हाव, तात्या! दुसरं काय?" मी ऐटीत सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं मला गिळायचंय.

सकाळी निघताना बायकोनं, मंगलनं, पन्नासाची नोट हातात दिली. हळदीचा हा एवढा डाग पडलेली. "येताना कोथिंबीर आना. शूटिंगच्या नादात इसरू नगा."

सीन असा. मुलगी सासरी गेलीय. बाप तिला पोचवून घरी येतो, ओट्यावर टेकतो आणि सवयीनं हाक मारतो, "गोदे, तांब्या आन गं." मग त्याला आठवतं. गप्प होतो. तेवढ्यात मी माझी ओळ म्हणायची.

सकाळपासून काही ना काही बिघडत होतं. कधी विमान, कधी कोंबडा. म्हातारा बिचारा पुन्हा पुन्हा उन्हात चालत येत होता. आणि एकदा जे जमलं! "तांब्या आन गं" म्हणाले, दाराकडं बघितलं, आणि मान हळूच खाली गेली. अहो, माझी मोठी चारच महिन्यांपूर्वी सासरी गेलीय हो!

आता आमच्या जत्रेत रीत काय? काम आवडलं की चालू नाटकात उठायचं आणि बक्षीस द्यायचं. नाटक थांबतं. मेलेला राजासुद्धा उठून हात जोडतो आणि पुन्हा मरतो. डोळ्यांत पाणी, भान कुणाला? मी खिशातनं नोट काढली, त्या म्हाताऱ्या साहेबांच्या हातात कोंबली आणि खड्या आवाजात ओरडलो, "कळंब ग्रामस्थांकडनं खुशीनं पन्नास रुपये!"

"कट! कट!" टोपीवाला डायरेक्टर धावत आला. "कोण आहे हा? बाहेर काढा याला!"

झालं! माझी ओळ सेटवरच्या चहावाल्याला दिली. त्यानं पहिल्याच झटक्यात म्हटली, तीही चांगली! सिरियलमध्ये अजून तोच दिसतो.

मी बाभळीखाली जाऊन बसलो. खोटं कशाला सांगू, रडलो. जरा वेळानं शेजारी कुणीतरी टेकलं. बघतो तर साहेब!

"साहेब, चुकलो. आमच्याकडं अशी रीत हाय."

"माहीत आहे. मीही जत्रेतूनच आलोय." त्यांनी बंडीच्या खिशातून नोट काढून बघितली. "किती वर्षांनी कुणी असं बक्षीस दिलं!"

मला धीर आला. "साहेब, राग नसंल तर इचारू? तुमाला कमी कशाची हाय? मग उनात कशाला?"

"तुम्हाला पगार आहे ना?"

"हाय की."

"मग आज रजा टाकून का आलात?"

टपरीवरचं ते 'हाव' मी तिथंच गिळलं!

"एकदा कामाला नाही म्हटलं की दुसऱ्यांदा विचारत नाहीत," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा म्हणतात, अजून आहेत का ते? बंगल्यात बसून फोनकडे बघत राहायचं, फार वाईट असतं हो. आज पाय दुखतायत, पण बरं वाटतंय."

मग एकदम म्हणाले, "तुमची ओळ राहिली ना? उठा."

आणि तिथंच, बाभळीखाली, ते पुन्हा तो बाप झाले. "गोदे, तांब्या आन गं." मान खाली. मी म्हणालो, "मालक, चला, दोन घास खाऊन घ्या." वीस वर्षांत तशी ओळ तोंडातनं आली नव्हती. बघायला दोन शेळ्या!

साहेब उभे राहिले, नोट वर धरली आणि मळा दणाणून टाकला, "कळंबच्या कलाकाराला, एका म्हाताऱ्या नटाकडून, खुशीनं पन्नास रुपये!" मी रीतीप्रमाणं हात जोडले.

घरी येऊन ऐटीत नोट मंगलच्या हातावर ठेवली. "बक्षीस मिळालं!"

तिनं नोट उलटी केली. हळदीचा डाग बघितला. माझ्याकडं बघितलं.

"वा रं नट! माझीच नोट नेली, माझीच आनली. आनि कोथिंबीर?"

कोथिंबीर सोडा हो! वीस वर्षांत पहिल्यांदा ती मला नट म्हणाली होती. मला इतकं भरून आलं, की तिला बक्षीस द्यायला माझा हात खिशात गेला. खिसा रिकामा! नोट तिच्याच हातात होती.