न चाखलेलं भरीत

चातुर्मासात आमच्या घरी वांगं वर्ज्य असे. आई आणि काकू चार महिने वांग्याला शिवत नसत. थोरले काका मात्र वाशीमच्या बाजाराला गेले की खुशाल भरीत खाऊन येत. नियम बायकांनी पाळायचे आणि काकांनी सांगायचे, अशी आमच्याकडची वाटणी.

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. तो चाखायचा नाही, हा काकांचा सगळ्यात लाडका नियम. त्या वर्षी आईनं गोवऱ्यांच्या आरावर वांगी भाजली, सोलून ठेचली, मीठ घातलं आणि ती पाण्याला गेली. काकूला वाटलं, मीठ राहिलंच. चाखायची सोय नव्हती, म्हणून तिनंही घातलं.

नैवेद्य दाखवून काका जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला त्यांनी ताट भिंतीवर भिरकावलं.

"मीठ किती घालावं, इतकंबी समजत नाही तुमाले?"

समजायला चाखावं लागतं, आणि चाखायला मनाई ह्यांचीच. आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

आई भिंत पुसू लागली. मान वर न करता, पण काकांना ऐकू जाईल असं काकूला म्हणाली, "बाई, देवानंबी हेच खाल्लं. त्यानं नाही फेकलं ताट."