हळदीच्या पुड्या आणि स्प्रिंग

परवा व्हिडिओ कॉलवर माझी पिवळी बोटं पाहून तुम्ही दोघं हसलात. त्याचं कारण क्रमानं सांगते.

आपल्या वसमतच्या घरात वरच्या मजल्यावर जे भाडेकरू राहतात, त्यांची मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. त्या दिवशी ती वही घेऊन खाली आली आणि म्हणाली, "आजी, मी आर्ट्सला बदलून घेते. माझ्याच्यानं हे होत न्हाई."

स्प्रिंगला वजन टांगायचं, ती किती ताणली ते पट्टीवर पाहायचं आणि आलेख काढायचा, एवढाच प्रयोग. सरांनी सरावासाठी स्प्रिंग घरी दिली होती, तिला अडकवायची वजनं नव्हती. म्हणून तिनं आईनं विकायला भरलेल्या पन्नास ग्रॅम हळदीच्या पुड्या एकीखाली एक टांगल्या. वजन सारखं वाढलं की ताणही सारखा वाढायला हवा. हिच्या आलेखातले ठिपके मात्र वेडेवाकडे चढत होते.

मी खिडकीच्या गजाला स्प्रिंग अडकवून स्वतः मोजलं. तिचं वाचन बरोबर होतं. स्प्रिंगही ठीक होती, पुड्या काढल्या की मूळ जागी यायची. मग मी तिच्या आईला हाक मारली.

"पुड्या तोलूनच भरल्यात ना?"

"व्हय मावशी. तोलून, अन् वर थोडी."

"वर काहून?"

"काटा बराबर झाला की हात आखडायचा? बरं दिसतंय का ते?"

"सगळ्यांत सारखीच थोडी?"

"सारखी कशी? समोरच्या वहिनीची लेक बाळंतपणाला आलीय. तिला दोन चमचे जास्त."

मुलगी कपाळाला हात लावून खाली बसली. "आई, तुझ्या दोन चमच्यापायी मी आर्ट्सला निघाले होते."

समोरच्या वहिनींची पुडी तेवढी बाजूला ठेवली. बाकीच्या आम्ही तिघींनी परातीत ओतून पुन्हा नेमक्या तोलल्या, आईची कुरकुर ऐकत. बोटं पिवळी झाली ती तेव्हा. या वेळी ठिपके एका रेषेत आले. मग मुलीनं उठून वहिनींची पुडी एकटीच टांगली, ताण पाहिला, रेषेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "पासष्ट ग्रॅम."

आईनं ती पुडी एका पारड्यात ठेवली आणि दुसऱ्यात पन्नास, दहा आणि पाचाचं वजन टाकलं. काटा मधोमध थांबला.

"आता या पोरीपासून काही लपायचं न्हाई," आई म्हणाली. "मग बाबांना काय सांगू? आर्ट्स?"

"सायन्सच म्हणावं." तिचं लक्ष स्प्रिंगकडेच होतं. "आन् काल मामीसाठी बांधून ठेवलेली पुडी दे इकडं. तिला किती जास्त घातलीस ते बघते."