घरघंटीचा निकाल

जुनं सामान ऑनलाइन विकायचा नाद मला एका कूलरमुळे लागला. उमरग्यात हायवेला लागूनच आमचं घर. एसी घेतल्यापासून कूलर जिन्याखाली धूळ खात पडला होता. भंगारवाल्यानं सांगितलेला भाव ऐकून माझं डोकं फिरलं आणि त्याच तिरमिरीत मी कूलरचा फोटो काढून मोबाइलवरच्या विक्रीच्या ॲपवर टाकला. चहाला उकळी यायच्या आत तिघांनी विचारलं, संध्याकाळी कूलर गेलासुद्धा. त्या दिवसापासून मी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे गिऱ्हाइकाच्या नजरेनं बघू लागले. मिक्सर गेला, सायकल गेली, पाहुण्यांसाठीची लोखंडी कॉट गेली. आमचे हे एकदा खुर्चीतून उठताना म्हणाले, "मी हात धुऊन येईस्तोवर ही खुर्ची राहू दे म्हणजे झालं."

विकणारी म्हणून मला पाचपैकी पाच तारे होते. हे मी सगळ्यांना सांगत असे, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

मग घरघंटीची पाळी आली. घरच्या घरी ज्वारी-गहू दळायची ती छोटी गिरणी मुलं लहान असताना आम्ही घेतलेली. मुलं पुण्याला गेली आणि दोघांच्या भाकरीला लागतं तरी किती. जाहिरात टाकली तशी दुसऱ्याच दिवशी ढोकीहून एका बाईंचा फोन आला. आवाज पस्तिशीतला, बोलणं अदबीचं. साखर कारखान्याच्या वस्तीत त्यांना दळण सुरू करायचं होतं. "दसऱ्याला नारळ फोडायचाय ताई," त्या म्हणाल्या. "अकरा घरं आत्ताच व्हय म्हणलीत. गिरणी लांब पडती सगळ्यास्नी." दिवाळीचं शिवणकाम आगाऊ घेऊन त्यांनी पैसे जमवले होते. दसरा चुकला तर ती अकरा घरं पुन्हा लांबच्या गिरणीला जातील, ही धास्ती त्या हसत हसत सांगत होत्या. मला ती बाई आवडली. म्हणूनच मी भाव दोनशेनं कमी केला, नाहीतर शंभरानं केला असता.

आता माझी पद्धत सांगते, कारण पुढं सगळं त्यावरच आलं. कुठलीही वस्तू पाठवण्याआधी मी तिचा चालू स्थितीतला व्हिडिओ काढते. घरघंटीत किलोभर ज्वारी दळली, पीठ चिमटीत धरून दाखवलं, जाळी काढून उजेडासमोर धरली. टेम्पो दारात येऊन हॉर्न मारत होता. झाकणाला चिकटपट्टी लावणार, तेवढ्यात माझा हात थांबला. इतकी वर्षं घराला पीठ दिलेली ती वस्तू, तिला रिकाम्या पोटी कसं पाठवायचं? पसाभर ज्वारी आणली, त्यात एक रुपया घातला, वरून हळदकुंकू वाहिलं आणि झाकण लावून टाकलं. लेक सासरी निघाल्यासारखा तिच्यावरून हात फिरवला. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, लातूरवरनं ढोकीला जायचंय, उशीर व्हायलाय."

संध्याकाळी मेसेज आला, पोचली म्हणून, आणि पुढं हात जोडलेले. मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ॲपवर लाल अक्षरं उमटली. खरेदीदारानं परतावा मागितला आहे. कारण: जाळी फाटली, पाती वाकली, पिठात कण्या येतात. माझे पैसे ॲपनं अडकवून ठेवले होते आणि पाच दिवसांत दोन्ही बाजूंनी पुरावे द्यायचे होते.

खोटं का बोलू, मला राग आला त्यापेक्षा चेव जास्त आला. पुरावा? माझ्याकडे? मी पदर खोचून बसले. व्हिडिओ जोडला. कितव्या सेकंदाला जाळी अखंड दिसते ते लिहिलं. कितव्या सेकंदाला पीठ मऊ दिसतं तेही लिहिलं. शेजारणीला वाचून दाखवलं, तिच्या सांगण्यावरून दोन वाक्यं आणखी धारदार केली. जेवताना, भांडी घासताना, सारखी नवी नवी कलमं सुचत होती आणि ओल्या हातानं मी ती टाइप करत होते. जन्मात एवढी मजा आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ॲपनं त्या बाईंना एक प्रश्न विचारला, तो मलाही दिसला. मशीनमध्ये खडा, खिळा किंवा धातूची एखादी वस्तू गेली होती का? बाईंनी उत्तर दिलं, "सांगता येत नाही."

मी जवळजवळ उडीच मारली. सापडली. सांगता येत नाही म्हणजे काय? गेलं असणार म्हणूनच सांगता येत नाही. लगेच लिहिलं: आमच्याकडे धान्य पाखडून, निवडून मगच दळतात, खरेदीदारानं खड्यांसकट ज्वारी टाकून माझी मशीन बिघडवली आहे आणि आता उत्तर टाळत आहे. 'उत्तर टाळत आहे' हे शब्द मी दोनदा वाचले. फार आवडले मला.

निकाल माझ्या बाजूनं लागला. परतावा नामंजूर. मी पेढे आणले. आमच्या ह्यांनी एक तोंडात टाकला आणि विचारलं, "मग त्या बाईंच्या दसऱ्याचं काय?" मी म्हटलं, त्याला मी काय करू.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी भांडायच्या तयारीनंच उचलला. पण भांडण नव्हतंच. "ताई, त्या जाळीचा नंबर काय असतो? लातूरात मिळंल का? पाती पण घ्यायचीत." आवाज तसाच अदबीचा. दसऱ्याला तीन दिवस होते. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय लागतं? मी म्हटलं, मीच घेऊन येते, बसवूनही देते. मनात हेही होतं की माझ्या मशीनमध्ये खोट नव्हती हे त्यांच्या दारात उभं राहून दाखवून द्यावं.

लातूरला गाडी बदलली, तिथंच दुकानातून जाळी आणि पाती घेतली आणि दुपारी ढोकीला पोचले. पुढच्या खोलीत भिंतीला लावून घरघंटी ठेवलेली, कोपऱ्यात अकरा डबे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. दळायच्या ज्वारीनं भरलेले डबे. बाईंनी पाणी दिलं. मी स्क्रू काढले. जुनी जाळी एका जागी गोल फाटली होती, एक पातं चांगलंच मुडपलं होतं.

"खड्यानं असं होत नाही," मी म्हटलं. "काय गेलं होतं यात?"

त्या ज्वारीच्या डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिल्या. हात पुसायला फडकं शोधत मी आत वळले, तर देव्हाऱ्यात भवानीच्या तसबिरीपुढं एक रुपया दिसला. कड वाकलेला, मधे चेचलेला, आणि चेचलेल्या खाचेत कुंकू.

तो रुपया माझा होता.

"हे तुम्हाला कधी सापडलं?"

"तक्रार टाकल्यावर, आतलं पीठ झाडताना," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी झाकण उघडलं तर हळदकुंकू दिसलं. मला लई बरं वाटलं ताई. कुणी एवढं करतंय का इकलेल्या वस्तूला? म्हणलं ते काढायचं न्हाय, त्याच्यावरच आपली ज्वारी वतायची. खाली रुपया हाय हे दिसलंच न्हाय."

"अगं मग लिहिलं का नाहीस?" मी तुम्हीवरून तूवर कधी आले ते कळलंही नाही. "त्यांनी विचारलं होतं तुला. तेवढं एक लिहिलं असतंस तर पैसे परत मिळाले असते."

"तुम्ही मायेनं घातलेलं," ती म्हणाली. "त्याचीच तक्रार करायची व्हय?"

उत्तर टाळत आहे, असं मी लिहिलं होतं. आणि वर पेढे खाल्ले होते. स्वतःची एवढी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

पण लाज वाटून दळण होत नाही. नवी जाळी बसवली, पाती आवळली, आणि मशीन सुरू केली. पहिलं पीठ तिनं अंगठ्यावर चोळून बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला की माझाही जीव भांड्यात पडला. आम्ही दोघींनी मिळून चार डबे दळले. ती ओतायची, मी पीठ काढायची. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या.

मग मी ॲपच्या लोकांना फोन लावला. पलीकडचा पोरगा म्हणाला, "मॅडम, निकाल तुमच्या बाजूनं लागलाय."

"तेच सांगतेय. चुकीचा लागलाय. फिरवा."

"अपील हरलेल्या बाजूलाच करता येतं मॅडम. तुम्ही जिंकलात."

"मला हरायचंय."

त्यानं काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला, तसा पर्याय नाही.

मी तिचा मोबाइल मागितला. ती नको नको म्हणत होती, रुपयाचा फोटो तर काढूच देईना. मी तसबिरीपुढं हात जोडले आणि काढला. मग तिच्या नावानं अपील उघडलं आणि माझ्याविरुद्ध लिहायला बसले. विक्रेतीनं मशीनमध्ये नाणं घातलं. विक्रेतीनं ते कळवलं नाही. विक्रेतीनं व्हिडिओ आधी काढला आणि नाणं नंतर घातलं, तेव्हा व्हिडिओ हा पुरावाच होऊ शकत नाही. अशी एकेक कलमं सुचत होती की बोटं पुरेनात. पूर्ण परतावा द्यावा आणि मशीन खरेदीदाराकडेच राहावी, असं शेवटी लिहिलं. माझे तारेही कमी करा म्हणून लिहिलं.

ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. "ताई," ती हळूच म्हणाली, "लई कडक झालंय. जरा मऊ लिहा की. त्या बाईला वाईट वाटंल."

मी एक शब्दही कमी केला नाही आणि तसंच पाठवून दिलं.