म्हातारी होणारी बाई

सिद्धगडाच्या पायथ्याशी मी पाहुण्यांसाठी जेवण रांधते. एकदा शहरातून चौघं आली, गोष्टीचा एक खेळ मांडून बसायची. त्यांतली चष्मेवाली बाई गोष्ट सांगायची. बाकीचे तिघे गोष्टीतले वाटसरू होऊन बोलायचे, अडलं की फासे टाकायचे. बाई डोळे मिटून मान कलती करायची, की ती रानातली म्हातारी व्हायची. रानातून बाहेर पडायची वाट तिलाच ठाऊक, पण ती सांगेना. तिघांनी खेळातलं सोनं दाखवलं, मग तलवार.

भाकरी वाढताना माझ्या तोंडून निघालं, "आधी पानी मागा ना तिच्याकडं."

एकजण हसला. "मावशी, तहान कुणाला लागलीय?"

बाईने फासे मुठीत झाकले. म्हातारीच्याच आवाजात मला म्हणाली, "बस गो पोरी. किती दिवसांनी कुणी पाणी मागितलं."

परक्यांसमोर मी कधी बसत नाही. त्या दिवशी बसले, आणि म्हातारीला वाट विचारली.