पाणी कुठवर आलं होतं

ओलेटा प्रॉफिटने जन्मभर शाळेची बस चालवली. आरडाओरडा केल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही, हे त्या नोकरीत तिला पक्कं कळलं होतं. निवृत्त झाल्यावर गप्प घरी बसायचं, तर ती ऑस्बी काउंटीच्या इतिहास मंडळाची अध्यक्ष झाली. मंडळात ती धरून पाच माणसं, आणि त्यातली तिघं फक्त तिचा जॅम केक खायला येत.

रस्त्याकडेच्या इतिहासाच्या पाट्या म्हणजे तिच्या डोक्याला कायमचा ताप. लोखंडी खांब, त्यावर ओतीव अक्षरांची पाटी. शिकारी जाताजाता पाटीवर नेम धरून बघणार, कुणी हरवलेल्या कुत्र्याचं चित्र डकवणार, नाताळात कुणीतरी लाल टोपी चढवणार. वाचणार मात्र कुणी नाही. ओलेटा भिंगरीसारखी काउंटीभर फिरून टोप्या काढायची आणि बंदुकीच्या भोकांना रंग फासायची.

त्यातली एकच पाटी तिची स्वतःची होती. क्रॅबट्री ओढ्याच्या पुराची. त्या पुरात तिची धाकटी बहीण रीबा गेली. मजकूर ओलेटानेच लिहिला होता: ‘महापुराचं पाणी या खांबाच्या पायथ्यापर्यंत चढलं होतं.’ खांब चढावर उभा केला होता. तिथे एक चर्च होतं, त्याच्या दगडी पायऱ्या तेवढ्या शिल्लक आहेत. नऊ वर्षांची ओलेटा आईला बिलगून त्याच पायऱ्यांवर उभी राहिली होती.

पण तिथे गाडी थांबवायला जागा नाही. आणि रस्ते दुरुस्तीच्या टोळीचा मुकादम लोनी गॅबर्ड याचं ठाम मत असं, की पाटी लोकांना थांबून वाचता आली पाहिजे. गवत कापायच्या यंत्राने खांब पाडला, तेव्हा त्याने तो थोडा खाली रोवला. मग चाऱ्याच्या गाडीने पाडला, तेव्हा आणखी खाली. शेवटी रस्ता रुंद करताना त्याने खांब उचलला तो थेट पुलापाशी आणला, मासे धरणारे गाड्या लावतात तिथे.

“मिस ओलेटा, शब्द तेच आहेत की!” लोनी म्हणाला. “एक अक्षर बदललेलं नाही.”

“शब्द तेच आहेत, पण आता ते खोटं बोलतायत! ओढा दर वर्षी येतो तिथपर्यंत!”

“मग लोकांनी गाड्या कुठे लावायच्या?”

“लोक गेले खड्ड्यात!”

“बघतो,” लोनी म्हणाला. तो नेहमीच बघायचा.

या वसंतात ब्रँट आणि शायना कोम्ब्स या जोडप्याने पाटीच्या थोडं वर जमीन सपाट केली आणि ट्रकवरून तयार घर आणून ठेवलं. ओलेटाने ते बघितलं आणि गाडी तिथेच आडवी घातली.

“पोरा, हे घर इथे नको. पुरात जाईल.”

“मिस ओलेटा, पाटी वाचूनच घर तिच्या वर ठेवलंय. अगदीच बिनडोक वाटलो का तुम्हाला?”

“पाटी चुकीच्या जागी आहे!”

“लिहिली कुणी?”

“मी!”

“मग तुमचंच तर ऐकलं!” ब्रँट खो खो हसला. लहानपणी बसमध्येही तो असाच, उलट उत्तरं द्यायला सगळ्यांत पुढे.

ओलेटाचा नुसता तिळपापड झाला. जन्मात एका माणसाने पाटी वाचली, आणि तीही अशी! लोनीला फोन केला, तर डांबराची कामं संपल्यावर बघतो. राजधानीतल्या कचेरीत फोन केला, तर तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या की पाटी हलवायची असेल तर समिती बसते, आणि समिती हिवाळ्यात बसते. ओढ्याला कळवू का तसं, असं ओलेटाने विचारलं आणि फोन आपटला.

रविवारी सगळा गाव चर्चमध्ये असताना तिने खांबाला साखळी बांधली, दुसरं टोक पिकअपला अडकवलं आणि खांब मुळासकट उपटला. सिमेंटचा गोळा पायाला तसाच. घसटत, फरफटत तो चढावर नेला, पायऱ्यांशी खड्डा खणला. वय अठ्ठ्याहत्तर. कंबर बोंबलत होती, तोंडाने लोनीचा उद्धार चालू होता.

चर्चमधून परतलेला ब्रँट धापा टाकत वर आला. मागून शायना, कडेवर मुलगी.

“डोकं फिरलंय का तुमचं? सरकारी पाटी आहे ती!”

“बडबड नको. धर, तिरकी होतेय.”

बसमधल्या सवयीने त्याने धरली. ओलेटाने भोवती माती दाबली. खांब सरळ झाला तसा ब्रँट हात झटकत मागे वळला, आणि तिथेच थांबला. त्याच्या नव्या घराचं छप्पर त्याच्या पायांच्या कितीतरी खाली होतं. त्याने खाली बघितलं, मग खांबाच्या पायथ्याकडे.

“इथवर?”

“इथवर.”

“किती वेळात आलं?” शायनाने विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मंडळानेही नाही.

“आई हाका मारत होती,” ओलेटा म्हणाली. “मी धावले. रीबा बूट घालायला बसली. नवे होते, तिला बंद बांधायला जमत नसे.” तिने खांबावरची माती पुसली. “तेवढ्या वेळात.”

शायनाने मुलीला छातीशी घेतलं. “ब्रँट, घर आणणाऱ्यांना फोन कर.”

“आज रविवार आहे गं.”

“मग उद्या कर. आज आपण आईकडे झोपतोय.”

हेच ऐकायला ओलेटाने इतकी वर्षं घसा कोरडा केला होता. ती खांबाला धरून पायरीवर बसली आणि पोरीसारखी रडू लागली.